टीमचा हुरूप टिकवायचाय तर आधी कामाकडे बघा: नव्या टीम लीड आणि एचआरवाल्यांसाठी

तुम्ही नुकतेच टीम लीड झाला असाल किंवा एचआरमध्ये नवीन लागला असाल आणि वरून निरोप आला असेल की "लोकांचा मूड काही ठीक दिसत नाही, जरा काहीतरी करा", तर हा लेख तुमच्यासाठी. हा निरोप आला की बहुतेक जण पहिल्यांदा कार्यक्रम ठरवतात, म्हणजे मेडिटेशनचं सेशन, वेलनेस ॲप, टीम आउटिंग, नाव छापलेले टी-शर्ट वगैरे. मन साफ असतं, कळकळही असते, पण होतं काय की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, माणूस दमलाय कामाने आणि आपण त्याला औषध देतोय कामाच्या बाहेरचं.

हे माझं नुसतं मत नाहीये. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या विल्यम फ्लेमिंग यांचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधले ४६,३३६ कर्मचारी त्यात होते. ताण कसा झेलायचा याचं ट्रेनिंग, माइंडफुलनेस, वेलबीइंग ॲप असल्या गोष्टींत भाग घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांच्यात जवळपास काहीच फरक सापडला नाही, थोडाफार फायदा दिसला तो फक्त स्वयंसेवेचं काम करणाऱ्यांमध्ये. त्याआधी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने जवळपास ५ हजार कर्मचाऱ्यांची सोडत काढून दोन गटांत विभागणी केली, एका गटाला वेलनेस प्रोग्रॅम दिला आणि दुसऱ्याला नाही, तिथेही आरोग्यखर्च, सवयी, कामगिरी यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट एक गोष्ट लक्षात आली की अशा प्रोग्रॅमला आपणहून येणारे लोक आधीपासूनच जरा ठणठणीत असतात, त्यामुळे नुसतं आलेल्यांकडे बघितलं तर प्रोग्रॅम जोरात चाललाय असं वाटत राहतं.

म्हणून खालच्या पायऱ्यांत मी कार्यक्रम शेवटाकडे ठेवलेत आणि काम पुढे आणलंय.

पायरी १: काही करायच्या आधी बघा आणि ऐका

पहिले तीन-चार आठवडे कुठलीही घोषणा करू नका. तुमच्याकडे जी माहिती आधीच पडून आहे ती उघडा: कुठल्या टीममध्ये ओव्हरटाइम सतत आहे, कुणाच्या रजा वर्षभर तशाच पडून आहेत, वर्षाच्या आत सोडून गेलेले लोक कुठल्या मॅनेजरच्या हाताखालचे होते, एक-दोन दिवसांच्या आजारपणाच्या रजा कुठे अचानक वाढल्यात, रात्री अकराला मेल कुठून निघतात. यातला एकेक आकडा काही सिद्ध करत नाही पण तीन-चार आकडे एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की समजायचं तिथे जाऊन बसायला पाहिजे.

आणि मग खरंच जाऊन बसा. नाइट शिफ्टची टीम असेल तर रात्री जा, फोनवर काम करणारे असतील तर शेजारी हेडफोन लावून ऐका. एक खूण सांगतो, जी नवीन माणसाला हमखास उलटी दिसते. लोक तक्रार करतायत म्हणजे त्यांना अजून आशा आहे. काळजी कधी करायची, तर मीटिंगमध्ये "कुणाला काही बोलायचंय?" विचारल्यावर सगळे खाली बघतात तेव्हा, जो माणूस आधी भांडायचा तो आता "चालेल सर" एवढंच म्हणतो तेव्हा.

काय बघायचं याची यादी हवी असेल तर ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने, म्हणजे कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, कामाच्या ताणासाठी सहा विषय ठरवून दिलेत, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: कामाचा भार, कामावर स्वतःचा ताबा, मिळणारी मदत, आपसातले संबंध, आपलं काम नेमकं कोणतं याची स्पष्टता, आणि बदल कसे कळवले जातात. कुणाशीही बोललात की या सहापैकी कुठे दुखतंय एवढी खूण करायची. वीस-पंचवीस जणांशी बोलल्यावर पान बघा, खुणा बहुतेक वेळा एक-दोन ठिकाणीच गर्दी करतात आणि मग सहाच्या सहा गोष्टींवर धावायची गरज उरत नाही.

सर्व्हेबद्दल दोनच गोष्टी. निनावी म्हणालात तर तो निनावीच राहिला पाहिजे, चार जणांच्या टीमचा वेगळा रिपोर्ट काढून तो त्यांच्याच मॅनेजरला देणं म्हणजे उघडउघड विश्वासघात आहे, मग पुढच्या वेळी सगळे पाचपैकी चार मार्क देऊन मोकळे होतील. आणि ज्या गोष्टीवर तुम्ही काहीच करू शकणार नाही तिचा प्रश्न टाकूच नका. सर्व्हे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत निकाल सगळ्यांसमोर ठेवा, न आवडणारे आकडेसुद्धा, आणि यातलं काय करणार, काय नाही करू शकत आणि का, हे सांगा. "का नाही" हे प्रामाणिकपणे सांगितलं तर लोक ऐकून घेतात, गप्प बसलात तर पुढचा सर्व्हे कुणी उघडत पण नाही.

पायरी २: भार कमी करा, खरोखरचा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा असं माझं स्पष्ट सांगणं आहे, बाकीचं थोडं राहिलं तरी चालेल.

आधी तासांचं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जो हिशोब मांडला त्यात आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि २०१६ या एका वर्षात लांबलचक कामाच्या तासांशी जोडलेले मृत्यू ७ लाख ४५ हजारांच्या घरात होते. त्यामुळे "आमच्याकडे सगळे रात्री नऊपर्यंत बसतात, मस्त डेडिकेटेड टीम आहे" हे वाक्य कुणी कौतुकाने म्हणालं तर ते तिथेच थांबवा, ही कौतुकाची गोष्ट नाही.

भार मोजायचा कसा? टीमला एकत्र बसवा आणि प्रत्येकाला आपल्याकडची सगळी कामं लिहायला सांगा, मोठी प्रोजेक्ट आणि बारीकसारीकही, म्हणजे रोजचा तो रिपोर्ट, त्या ग्रुपवर उत्तरं देणं, नवीन आलेल्याला शिकवणं, सगळं. मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे महिनाभर केलं नाही तर कुणाचं काय अडेल? तुम्हाला आश्चर्य वाटेल इतकी कामं निघतात जी कुणीतरी कधीतरी मागितली होती, तो मागणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला आणि रिपोर्ट मात्र दर सोमवारी निघतोय. ती बंद करा, आणि बंद केली हे जाहीर सांगा, नाहीतर कुणीतरी भीतीपोटी गुपचूप करत राहतो.

दुसरं, वरून नवीन काम आलं की लीड म्हणून तुमचं उत्तर नुसतं "हो" असता कामा नये आणि नुसतं "नाही" म्हणून पण निभत नाही. असं बोला:

"सर, हे घेतो आम्ही. फक्त टीमकडे आत्ता दोन कामं आहेत आणि दोन्ही शुक्रवारी द्यायचीत. हे मध्ये आलं तर त्यातलं कुठलं पुढच्या आठवड्यात ढकलू, ते तुम्ही सांगा."

यात भांडण नाही, रडगाणं नाही, पण कुठलं महत्त्वाचं हे ठरवायची जबाबदारी ज्याची आहे त्याच्याकडे परत जाते. आणि मेलवर लिहून ठेवा. टीमला कळतं बरं का हे, की आपला लीड आपल्यासाठी एवढं बोलला, त्याने जो जीव लागतो तो कुठल्या आउटिंगने लागत नाही.

तिसरं, "अर्जंट" या शब्दाची किंमत ठरवा. टीमने मिळून लिहून काढायचं की अर्जंट म्हणजे काय, उदाहरणार्थ ग्राहकाचं काम बंद पडलं किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे. अशा वेळी फोन करायचा, मेसेज नाही. म्हणजे फोन वाजला नाही तर संध्याकाळ आपली. बाकी सगळं उद्या. फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदाच आहे, ठराविक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. तुमच्याकडे कायदा असो नसो, एवढा नियम टीमपुरता तुम्हीच करू शकता. आणि तो सगळ्यात आधी तुम्ही पाळायचा, रात्री सुचलं तर लिहा पण मेल सकाळची वेळ लावून पाठवा, कारण साहेबांचा मेल रात्री साडेदहाला आला आणि खाली "घाई नाही" लिहिलेलं असलं तरी वाचणारा उठून लॅपटॉप उघडतोच.

रजेचं पण इथेच सांगतो. माणूस रजेवर गेला की त्याचं काम साचून राहत असेल तर ती रजा नाही, उधारी आहे. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार पाहिजे, नावानिशी. हे करायला दोन-तीन महिने लागतात आणि कटकटीचं आहे, पण एकदा झालं की लोक फोन बंद करून सुट्टीवर जातात आणि परत आल्यावर चेहरे बघा.

पायरी ३: थोडा ताबा लोकांच्या हातात द्या

सगळा भार काही कमी होत नाही, कामच तसं असतं. दवाखाना आहे, कॉल सेंटर आहे, कारखाना आहे. तिथे दुसरा दोर धरायचा. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की सगळ्यात जास्त पिळवटून काढतं ते मागणी प्रचंड आणि हातात निर्णय काहीच नाही असं काम, तेवढीच मागणी पण स्वतःचं काही ठरवायला मिळत असेल तर माणूस त्यातून शिकतो, वाढतो. लंडनच्या सरकारी नोकरांवरचे व्हाइटहॉल अभ्यास, पहिला १९६७ पासून आणि दुसरा १९८५ पासून, यांतही हेच पुढे आलं. खालच्या हुद्द्यावरच्या लोकांना हृदयविकार जास्त होता, मोठ्या साहेबांना नाही, आणि या अभ्यासांवर काम करणारे मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की या फरकाचा बराच मोठा भाग कामावर ताबा कमी असण्याशी जोडलेला आहे.

मग करायचं काय? शिफ्टचं रोस्टर निदान दोन आठवडे आधी लावा आणि दोघांनी आपसात शिफ्ट बदलली तर लीडची परवानगी न लागता फक्त कळवलं तरी चालेल असं करा. दिवसातल्या कामांचा क्रम ज्याचं त्याला ठरवू द्या. ब्रेक कधी घ्यायचा यावर घड्याळ घेऊन उभं राहू नका. नवीन मशीन, नवीन सॉफ्टवेअर, बसायची जागा बदलणं, काहीही असलं तरी ज्यांना ते वापरायचंय त्यांना ऑर्डर देण्याआधी विचारा, नंतर नाही. आणि जिथे तुमचं ठरलेलंच आहे तिथे मत विचारल्याचं नाटक करू नका, सरळ सांगा की हे ठरलंय, कसं राबवायचं ते मात्र आपण मिळून ठरवू.

पायरी ४: वन-टू-वन, आणि ती खरी असावी

दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाशी अर्धा तास, समोरासमोर किंवा कॉलवर. कामाचा स्टेटस यात विचारायचा नाही, त्यासाठी दुसऱ्या मीटिंग आहेतच. आणि कॅन्सल करायची नाही, पुढे ढकला पण उडवू नका, दोनदा उडवली की समोरच्याला आपली जागा कळते.

नवीन लोकांना वाटतं विचारायचं काय. "कसं चाललंय?" विचारलंत तर "ठीक आहे मॅडम" हेच उत्तर येणार, जगात कुठेही. बारीक प्रश्न विचारा:

"गेल्या पंधरा दिवसांत कुठल्या कामाने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं?"

"तो महिनाअखेरचा रिपोर्ट, मॅडम. डेटा तीन डिपार्टमेंटकडून येतो आणि तिघांची तारीख लिहायची पद्धत वेगळी, मग ते सगळं हाताने जुळवत बसावं लागतं."

"ते कधी करता तुम्ही?"

"रात्रीच, घरी. दिवसा कुठे वेळ मिळतो. तीन-चार रात्री जातात."

"आधी सांगितलं होतंत का कुणाला?"

"आधीच्या सरांना सांगितलं होतं, ते म्हणाले बघू."

आता बघा, हा माणूस दर महिन्याला तीन-चार रात्री जागतोय, त्याची चिडचिड वाढली असणार, घरच्यांशी खटके उडत असणार, आणि मुळाशी काय आहे तर तारखेचा फॉरमॅट. या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार? तिन्ही डिपार्टमेंटना एकच शीट द्यायची आणि तारखेचा कॉलम लॉक करायचा, दोन मेल आणि एक फोन एवढंच काम. असे खडे प्रत्येक टीममध्ये असतात, पण ते सर्व्हेत येत नाहीत कारण ते सांगण्यासारखे आहेत असं त्या माणसालाच वाटत नसतं, ते असंच बोलता बोलता निघतात.

ऐकलंत की तिथेच लिहून घ्या, काय करणार आणि कधीपर्यंत ते सांगा, आणि पुढच्या भेटीत पहिलं वाक्य त्याच विषयावर बोला. झालं नसेल तर झालं नाही सांगा. "बघू" हा शब्द शक्यतो तोंडात आणू नका.

चुकांबद्दल लोक तुमच्याशी बोलतायत का, हे पण इथेच कळतं. एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासत होत्या, अपेक्षा अशी होती की चांगल्या टीममध्ये औषधं देतानाच्या चुका कमी असतील, पण नोंदी बघितल्या तर चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद उलट जास्त. खोलात गेल्यावर अंदाज आला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, लोक त्या न घाबरता सांगत होते. पुढे गूगलने २०१२ पासून स्वतःच्या १८० हून जास्त टीम तपासल्या तेव्हा चांगल्या टीमचं सगळ्यात महत्त्वाचं लक्षण हेच निघालं की माणसाला तिथे बोलायची भीती वाटत नाही. म्हणून कुणी चूक घेऊन आला तर तुमची पहिली प्रतिक्रिया फार महत्त्वाची आहे, "बरं झालं लगेच सांगितलंत, आता आधी काय सावरायचं ते बघू" एवढं म्हणा, कारणं नंतर शोधा. तो एक मिनिट अख्खी टीम बघत असते.

पायरी ५: कौतुक, पैसा आणि न्याय

कौतुक करा पण नेमकं करा. "छान काम" याला काही अर्थ नाही. "काल त्या ग्राहकाचा आवाज चढला तेव्हा तुम्ही मध्ये न बोलता त्याचं पूर्ण ऐकलंत आणि मग दोन पर्याय दिलेत, त्यामुळे तो टिकला" याला आहे, कारण याचा अर्थ कुणीतरी बघत होतं. आणि पडद्यामागचं काम करणाऱ्यांकडे मुद्दाम लक्ष द्या, सगळं सुरळीत चालतं तेव्हा त्यांचं काम दिसतच नाही.

पण कौतुक पगाराच्या जागी वापरू नका. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली गोष्ट अनुभवाला अगदी पटते, की घातलेले कष्ट आणि मिळणारा मोबदला यात तफावत राहिली की शरीर-मन दोन्ही झिजतं, आणि मोबदला म्हणजे पैसे, मान, आणि पुढे जाण्याची किंवा नोकरी टिकण्याची खात्री, तिन्ही. पगार तुमच्या हातात नसेल, नव्या लीडच्या तर नसतोच, पण इन्क्रिमेंट कशावर ठरतं, प्रमोशनला काय लागतं, हे स्पष्ट सांगणं तुमच्या हातात आहे. लोक कमी पगारापेक्षा जास्त चिडतात ते शेजारच्याला जास्त का मिळालं हे न कळल्यावर. "आपण सगळे एक कुटुंबच आहोत" हे वाक्य तर मला अजिबात मान्य नाही, कुटुंबातून कुणाला नोटीस देऊन काढत नाहीत, त्यापेक्षा सरळ सांगा की ही नोकरी आहे आणि इथे तुम्हाला न्यायाने वागवलं जाईल.

न्यायाची खरी परीक्षा कुठे होते तर जो माणूस काम जबरदस्त करतो पण सहकाऱ्यांना घालूनपाडून बोलतो, सगळ्यांदेखत अपमान करतो, त्याच्याशी तुम्ही कसं वागता तिथे. टार्गेट पूर्ण करतो म्हणून त्याला सोडून दिलंत तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात गेलं समजा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यावर वेगळा करार केला, क्रमांक १९०, म्हणजे हा विषय "त्यांचा स्वभावच तसा आहे" म्हणून सोडून द्यायचा नाही. तारीख, प्रसंग, कोण हजर होतं, हे लिहून ठेवा, त्या माणसाशी एकट्याशी बोला, काय चालणार नाही ते सांगा, आणि बदल झाला नाही तर ठरलेल्या प्रक्रियेने पुढे जा. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर जाता कामा नये. लैंगिक छळाची तक्रार असेल तर स्वतः मिटवायला बसू नका, लगेच नियमाप्रमाणे समितीकडे किंवा जे अधिकृत ठिकाण असेल तिथे द्या.

पायरी ६: बर्नआउट ओळखा, डॉक्टर मात्र बनू नका

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये मंजूर झाली, बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. सतत राहिलेला आणि नीट हाताळला न गेलेला कामाचा ताण हे त्याचं मूळ मानलंय आणि लक्षणं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिलं सगळ्यांना दिसतं. दुसरं बऱ्याचदा "ॲटिट्यूड प्रॉब्लेम" म्हणून खपवलं जातं, आणि तिथे माणूस हातचा जातो.

असं कुणी दिसलं तर निदान करू नका, जे दिसलं ते बोला. "गेले काही आठवडे तुम्ही जेवायला पण सगळ्यांबरोबर येत नाही, मीटिंगमध्ये गप्प असता, मला काळजी वाटली म्हणून विचारतोय." मग गप्प बसा. ती शांतता अवघड जाते पण भरू नका. सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर दार उघडं आहे एवढं कळवा. कामात लगेच काय हलकं करता येईल ते करा आणि कंपनीकडे समुपदेशनाची सोय असेल तर ती कशी वापरायची, मॅनेजरला त्यातलं काय कळतं आणि काय कळत नाही, हे नीट सांगा, लोक तिथे जात नाहीत ते बहुतेक या शंकेनेच.

कुणी जगण्यात अर्थ नाही, सगळं संपवावंसं वाटतं अशा अर्थाचं बोललं तर ते कधीच हलक्यात घेऊ नका. आत्महत्येचा विचार येतोय का असं सरळ, शांतपणे विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टर, हेल्पलाइन किंवा आपत्कालीन सेवेची मदत घ्या. इथे गोपनीयतेपेक्षा जीव मोठा.

लांबच्या रजेनंतर परत येणाऱ्याला पहिल्या दिवशी जुना सगळा भार देऊ नका, कमी तास किंवा कमी कामांपासून चढवत न्या, आणि ते किती दिवसांत चढवायचं हे त्याच्याशी बोलून ठरवा. मॅनेजरना मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग द्यावं अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शनात केलेली आहे. बजेट मागताना याचा आधार घ्या.

पायरी ७: आता कार्यक्रम

करा की, जरूर करा. फक्त कामाच्या वेळेत, यायची सक्ती नको, आणि न येणाऱ्याला टोमणे नकोत. घरी लहान मूल असलेल्या किंवा म्हाताऱ्या आई-वडिलांकडे बघणाऱ्या माणसाला शनिवारची सहल ही शिक्षा असते. काय करायचं ते टीमला ठरवू द्या. झालं.

पायरी ८: फरक पडतोय का ते बघा, आणि घाई करू नका

१९२४ ते १९३२ मध्ये शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात बरेच प्रयोग झाले, दिव्यांचा उजेड बदलून वगैरे, आणि तेव्हापासून असं सांगतात की आपल्याकडे लक्ष दिलं जातंय एवढ्यानेच लोकांचं काम काही काळ सुधारतं. त्या आकड्यांवर पुढे भरपूर वाद झाले, पण सावधगिरी म्हणून एवढं घ्या की पहिल्या महिन्यातल्या हसऱ्या चेहऱ्यांवरून निष्कर्ष काढायचा नाही. पायरी १ मध्ये जे आकडे काढले होते, ओव्हरटाइम, न घेतलेल्या रजा, सोडून जाणारे, तेच आकडे सहा महिन्यांनी आणि वर्षाने परत काढा. आणि एका वेळी एक-दोनच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

राहता राहिला एक अडथळा, वरचे साहेब ऐकत नाहीत. त्यांच्याकडे "लोक नाराज आहेत" घेऊन जाऊ नका, हिशोब घेऊन जा. गेल्या वर्षी किती जण सोडून गेले, एकेकाच्या जागी नवीन माणूस मिळायला किती आठवडे गेले, तो तयार व्हायला किती, तोवर ओव्हरटाइमचे पैसे किती गेले, किती काम परत करावं लागलं, हे सगळं तुमच्याच कंपनीच्या रेकॉर्डमधून एका पानावर मांडा आणि त्याखाली एकच मागणी लिहा, छोटी, तीन महिन्यांसाठी, एका टीमपुरती. जसं की रोस्टर दोन आठवडे आधी लावायची परवानगी द्या, खर्च शून्य. तेवढं मिळालं की त्या टीमचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पुढची मागणी न्या, आणि त्या बैठकीला टीममधला एक माणूस बरोबर घेऊन जा, बोलायला त्यालाच लावा.